अंतःप्रजनन

अंतःप्रजनन म्हणजे समूहातील सरासरीपेक्षा एकमेकांशी अधिक निकटचे रक्ताचे नाते असलेल्या जीवांमधील प्रजनन होय. सख्ख्या भावंडांच्या किंवा पालक-अपत्याच्या मीलनापासून मामे-आते भावंडांच्या विवाहापर्यंतच्या अनेक पायऱ्या या संज्ञेत मोडतात. वनस्पतींमधील स्वपरागण हे त्याचे सर्वांत तीव्र रूप आहे. नाते नसलेल्या जीवांमधील प्रजननास बहिःप्रजनन म्हणतात.

अंतःप्रजननामुळे नवे सदोष जनुक निर्माण होत नाहीत. समूहात आधीपासून दडून असलेल्या जनुकाच्या दोन सारख्या प्रती एकाच जीवात एकत्र येण्याची शक्यता मात्र त्यामुळे वाढते. हे एकच कारण परिस्थितीनुसार निरनिराळे परिणाम घडवते. महाराष्ट्रातील जालना जिल्ह्यात त्याची तिन्ही रूपे आढळतात. तेथील संकरित बियाण्यांचा उद्योग अंतःप्रजनित वाणांवर उभा आहे, पशुपालकांना मात्र कळपातील अंतःप्रजनन टाळावे लागते, आणि मामाच्या मुलीशी विवाह करण्याची मराठवाड्यातील जुनी प्रथा हा आनुवंशिक समुपदेशनाचा विषय ठरते.

== आनुवंशिक यंत्रणा ==

बहुतेक प्राण्यांमध्ये प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक पित्याकडून आलेली व एक मातेकडून आलेली. दोन्ही प्रती सारख्या असल्यास तो जीव त्या जनुकापुरता समयुग्मजी व भिन्न असल्यास विषमयुग्मजी असतो. अप्रभावी जनुकाचा परिणाम दोन्ही प्रती सदोष असतील तेव्हाच दिसतो. एकच प्रत सदोष असलेली व्यक्ती निरोगी असते. तिला वाहक म्हणतात. प्रत्येक माणूस अशा काही गंभीर अप्रभावी दोषांचा वाहक असतो, परंतु बहुधा त्याला त्याची कल्पना नसते.

नाते नसलेल्या दोन व्यक्तींकडे एकच दुर्मीळ दोष असण्याची शक्यता फार कमी असते. नातेवाइकांच्या बाबतीत मात्र समाईक पूर्वजाकडे असलेली सदोष प्रत दोन वेगवेगळ्या वाटांनी उतरत येऊन अपत्यात पुन्हा एकत्र येऊ शकते. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के, निरोगी वाहक असण्याची ५० टक्के आणि दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. सदोष प्रत दोन्ही पालकांकडून आलेली असल्याने अशा आजाराचे खापर एकट्या मातेवर फोडण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही.

== अंतःप्रजनन गुणांक ==

अंतःप्रजननाची तीव्रता मोजण्यासाठी अमेरिकन आनुवंशिकीविज्ञ स्यूअल राइट यांनी १९२२ मध्ये अंतःप्रजनन गुणांक मांडला. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची संभाव्यता म्हणजे हा गुणांक होय. पालकांच्या नात्यानुसार अपत्याचा गुणांक पुढीलप्रमाणे असतो.

* एक पिढी स्वपरागण : १/२
* सख्खी भावंडे किंवा पालक-अपत्य : १/४
* सावत्र भावंडे, मामा-भाची, काका-पुतणी : १/८
* दुहेरी भावंडे : १/८
* मामे-आते, चुलत किंवा मावस भावंडे : १/१६
* ज्यांच्या आजी-आजोबांपैकी एकेक जण परस्परांची सख्खी भावंडे होती अशी दूरची भावंडे : १/६४

दुहेरी भावंडे हा प्रकार साटेलोट्याच्या विवाहांतून निर्माण होतो. एका घरातील भाऊ-बहिणींचे विवाह दुसऱ्या घरातील बहीण-भावाशी झाल्यास दोन्ही जोडप्यांच्या मुलांचे चारही आजी-आजोबा समान असतात. अशा मुलांचे परस्परांतील नाते साध्या मामे-आते नात्याच्या दुप्पट निकटचे असते. कुटुंबात पिढ्यान्पिढ्या आपसात विवाह होत आले असतील, तर प्रत्यक्ष गुणांक वर दिलेल्या आकड्यांपेक्षा जास्त असतो.

आजार जितका दुर्मीळ, तितका नात्यातील विवाहाचा प्रभाव अधिक असतो. समूहातील दर १०० प्रतींपैकी एक प्रत सदोष असल्यास नाते नसलेल्या जोडप्यांच्या १०,००० अपत्यांपैकी सरासरी एक बाधित असते. मामे-आते भावंडांच्या बाबतीत हे प्रमाण १०,००० मध्ये सुमारे ७ होते. दर १० प्रतींपैकी एक सदोष असल्यास हेच प्रमाण १०० वरून १५६ पर्यंत, म्हणजे जेमतेम दीडपट होते.

== अभ्यासाचा इतिहास ==

चार्ल्स डार्विन यांनी वनस्पतींवर अनेक वर्षे प्रयोग करून स्वपरागणाने झालेली रोपे परपरागणाच्या रोपांपेक्षा बहुधा दुबळी असतात, असे १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले. त्यांचा स्वतःचा विवाह १८३९ मध्ये एमा वेजवुड या मामेबहिणीशी झाला होता. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन बालपणी दगावली. आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्ये अल्काप्टोनमेह या विकाराच्या रुग्णांचे आईवडील अनेकदा परस्परांची भावंडे असतात, हे निदर्शनास आणले. मानवातील अप्रभावी आनुवंशिकतेचा हा पहिला स्पष्ट पुरावा मानला जातो.

राजघराण्यांतील ठळक उदाहरण स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) याचे आहे. हाब्सबुर्ग घराण्यात पिढ्यान्पिढ्या काका-पुतणी व भावंडांमध्ये विवाह झाल्याने त्याचा गुणांक सुमारे ०.२५, म्हणजे सख्ख्या भावंडांच्या अपत्याइतका होता. तो आजन्म आजारी राहिला आणि निपुत्रिक मरण पावला. त्यानंतर वारसाहक्कासाठी युरोपात मोठे युद्ध झाले.

== अंतःप्रजननजन्य ऱ्हास व संकरज ओज ==

अंतःप्रजनन वाढत गेल्यास प्रजननक्षमता, जगण्याचे प्रमाण, वाढ, दूध वा पीक-उत्पादन आणि रोगप्रतिकारशक्ती यांत घट होते. तिला अंतःप्रजननजन्य ऱ्हास म्हणतात. भिन्न अंतःप्रजनित वंशांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत दिसणाऱ्या वाढीव जोमाला संकरज ओज म्हणतात. एका वंशातील सदोष प्रत दुसऱ्या वंशाच्या निर्दोष प्रतीमुळे झाकली जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

ऱ्हास सर्वत्र सारखा नसतो. हरभऱ्यासारख्या पिकात स्वपरागण निसर्गतःच होते. घातक अप्रभावी जनुक पिढ्यान्पिढ्या उघडे पडून निवडीने बाहेर पडलेले असल्याने अशा पिकांत ऱ्हास फारसा दिसत नाही. या क्रियेस जनुकीय शुद्धीकरण म्हणतात. इंग्लंडमधील चिलिंगहॅम येथील गुरांचा कळप सुमारे तीनशे वर्षे बाहेरच्या संकराविना टिकून आहे. मात्र या मार्गाने नष्ट झालेल्या इतर अनेक कळपांची नोंद राहत नाही; म्हणून अशा उदाहरणांवरून अंतःप्रजनन निर्धोक असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

== जालन्याचा बियाणे उद्योग ==

अंतःप्रजननाचा हेतुपुरस्सर व नियंत्रित उपयोग संकरित बियाण्यांच्या निर्मितीत केला जातो. अमेरिकेत जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये मक्यावरील प्रयोगांतून ही पद्धत स्पष्ट केली. मक्याचे सलग सहा-सात पिढ्या स्वपरागण केल्यास झाडे खुजी व दुबळी होतात, पण एकाच वंशातील सर्व झाडे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखी होतात. असे दोन निवडक वंश एकत्र आणल्यावर मिळणारे संकरित बियाणे जोमदार व एकसारखे पीक देते.

जालना शहर भारतातील संकरित बियाण्यांचे एक प्रमुख केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, अर्थात महिको, स्थापन केली. याच सुमारास भारतात ज्वारी व बाजरीचे पहिले संकरित वाण प्रसारित होत होते. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे कापूस व भाजीपाल्याचे बियाणे तयार करणाऱ्या इतर कंपन्याही जालन्यात वाढल्या. बीजोत्पादनाच्या शेतात मादी वाणाच्या व नर वाणाच्या ओळी वेगवेगळ्या लावतात. कापसात मादी झाडांच्या फुलांतील पुंकेसर हाताने काढून परागीकरण केले जाते, तर ज्वारी-बाजरीत नरवंध्य मादी वंश वापरले जातात.

संकरित पिकाचे दाणे पुढील हंगामासाठी राखून पेरल्यास उत्पादन घटते. पहिल्या पिढीतील विषमयुग्मजी जनुकांच्या जोड्यांपैकी निम्म्या स्वपरागणाने पुढच्या पिढीत समयुग्मजी होतात. त्यामुळे ओज ओसरते व पीक एकसारखे राहत नाही. संकरित वाणाचे बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागण्यामागे हे कारण आहे. सरळ वाणांच्या बाबतीत घरचे बियाणे वापरता येते. जिल्ह्यातील बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले तुरीचे बीडीएन ७११ व बीडीएन ७१६ हे वाण असे सरळ वाण आहेत. तथापि तुरीत मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागण होत असल्याने बियाण्याच्या शेतात इतर वाणांपासून विलगीकरण अंतर राखणे आवश्यक असते.

== पशुधन ==

शेतात दुबळी झाडे उपटून टाकता येतात. पशुपालनात मात्र प्रत्येक निकामी कालवड हे थेट आर्थिक नुकसान असते. गाय वारंवार उलटणे, गर्भपात, अशक्त किंवा मृत वासरे, उशिरा माजावर येणे आणि दूध घटणे ही कळपातील अंतःप्रजननाची सामान्य लक्षणे आहेत. चारा, खनिजांची कमतरता व रोग यांमुळेही अशीच लक्षणे दिसत असल्याने मूळ कारण अनेकदा ध्यानात येत नाही. होल्स्टीन गाईंमध्ये गुणांकाच्या प्रत्येक एक टक्का वाढीमागे एका वेताचे दूध साधारण २० ते ३० किलोने घटते.

या समस्येचे मुख्य कारण नरांची अल्प संख्या हे असते. १०० गाईंच्या बंदिस्त समूहात एकच वळू वापरल्यास आनुवंशिकदृष्ट्या परिणामकारक संख्या १०१ नव्हे, तर फक्त ४ च्या आसपास असते आणि गुणांक दर पिढीस सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढतो. पाच वळू वापरल्यास परिणामकारक संख्या १९ होते व वाढीचा वेग दर पिढीस सुमारे अडीच टक्क्यांवर येतो. गावात देवाला सोडलेला एकच वळू अनेक वर्षे फिरत राहिला, तर तो स्वतःच्या कालवडींनाच फळवू लागतो. म्हणून कालवडी माजावर येण्यापूर्वी, म्हणजे साधारण दोन-तीन वर्षांनी, गावचा वळू बदलावा असा सल्ला दिला जातो. शेळ्यांमध्ये पाठी वर्षभराच्या आतच वयात येत असल्याने बोकड त्याहून लवकर बदलावा लागतो. उस्मानाबादी शेळ्यांच्या लहान कळपांत घरचाच बोकड ठेवण्याची सवय यामुळे हानिकारक ठरते. शेजारच्या गावाशी बोकडाची अदलाबदल हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे.

कृत्रिम रेतनामुळे दूरच्या वळूंचे वीर्य उपलब्ध झाले. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (हर्सूल) येथील केंद्रांतून गोठित वीर्यकांड्यांचा पुरवठा होतो. परंतु थोड्याच वळूंचे वीर्य मोठ्या प्रमाणावर वापरले गेल्यास अंतःप्रजनन गावाऐवजी संपूर्ण जातीत पसरू शकते. होल्स्टीन जातीत पांढऱ्या पेशींच्या चिकटण्याच्या क्षमतेतील दोषाचा एक प्राणघातक आजार एका लोकप्रिय वळूच्या वंशातून अनेक देशांत पसरला. भारतातील वीर्यकेंद्रांत होल्स्टीन व तिच्या संकरित वळूंची अशा आजारांसाठी जनुकीय चाचणी केली जाते. देवणी, लाल कंधारी यांसारख्या मराठवाड्यातील गोवंशांच्या जतनात केवळ गाईंची संख्या पुरेशी नसते. परस्परांशी नाते नसलेल्या वळूंची संख्याही महत्त्वाची ठरते. प्रत्येक रेतनाच्या वेळी वीर्यकांडीवरील वळूचा क्रमांक लिहून ठेवल्यास कालवडीसाठी तिच्या बापाचेच वीर्य वापरले जाणे टळते.

== वन्यप्राणी ==

अधिवास तुटल्याने एकाकी पडलेल्या लहान समूहांत अंतःप्रजनन अटळ ठरते. अमेरिकेतील फ्लोरिडात प्यूमांची संख्या २०–३० पर्यंत घटल्यावर वाकड्या शेपट्या, हृदयदोष व वृषणे न उतरणे असे विकार वाढले. १९९५ मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडल्यावर हे दोष कमी झाले आणि संख्या वाढली. या उपायास जनुकीय पुनर्बलन म्हणतात.

भारतात रणथंबोरच्या वाघांत अंतःप्रजननाचे प्रमाण लक्षणीय असल्याचे, तसेच ओडिशातील सिमिलिपालच्या काळसर वाघांचा रंग एका अप्रभावी जनुकामुळे आलेला असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले. महाराष्ट्रात ताडोबा, नवेगाव-नागझिरा व पेंच येथील वाघांना जोडणारे वनमार्ग म्हणूनच महत्त्वाचे मानले जातात. २०२३ मध्ये चंद्रपूर परिसरातील दोन वाघिणी नवेगाव-नागझिरा येथे सोडण्यात आल्या.

== मानव ==

=== विवाहप्रथा ===

मराठी समाजांतील विवाहनियम उत्तर भारत व दक्षिण भारत यांच्या मधले आहेत. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील १९५३ च्या ग्रंथात महाराष्ट्राचा समावेश मध्यवर्ती विभागात केला. अनेक मराठी जातींत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न करणे संमत, किंबहुना पसंतीचे होते. आत्याच्या मुलीशी लग्न मात्र अनेक ठिकाणी गौण मानले गेले. चुलत व मावस भावंडांचा विवाह निषिद्ध होता. मामाच्या मुलीशी विवाह हा दक्षिणेकडील आचार असल्याची नोंद बौधायन धर्मसूत्रात आहे. मुस्लिम समाजात चुलत भावंडांसह सर्व प्रकारच्या भावंडांतील विवाह संमत आहेत. शेती व संपत्ती घरात राहणे, हुंड्याचा भार कमी होणे आणि मुलगी परक्या घरी न जाता ओळखीच्या माणसांत राहणे, ही अशा विवाहांमागील नेहमीची सामाजिक कारणे आहेत.

समाजाने मानलेले नाते व आनुवंशिक नाते यांत फरक असतो. मामेबहीण ‘चालते’ आणि चुलतबहीण ‘चालत नाही’, हा भेद सामाजिक आहे. सर्वसाधारण गुणसूत्रांचा विचार करता दोन्ही विवाहांतील अपत्यांचा गुणांक १/१६ एवढाच असतो. गोत्र किंवा देवक वेगळे असल्यामुळे आईकडचे रक्ताचे नाते वगळले जात नाही. उलट एकाच गोत्राच्या दोन व्यक्तींचा समान पूर्वज आनुवंशिकदृष्ट्या नगण्य ठरण्याइतका दूरचा असू शकतो. वधूवरांचा रक्तगट एकच असणे किंवा पत्रिकेत ‘एक नाडी’ येणे यांचाही अंतःप्रजननाशी संबंध नाही. ऱ्हेसस घटक ऋण असलेल्या मातेच्या गर्भारपणात घ्यावयाची काळजी हा स्वतंत्र वैद्यकीय विषय आहे.

=== आरोग्यावरील परिणाम ===

कोणत्याही जोडप्याच्या अपत्यात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या मामे-आते किंवा चुलत भावंडांच्या बाबतीत तिच्यात सुमारे १.७ ते २.८ टक्क्यांची भर पडते. अशा जोडप्यांच्या बहुसंख्य मुलांत असा दोष नसतो. ही भर संपूर्ण समाजाच्या पातळीवर मोठी असते, आणि ज्या कुटुंबात आधीच एखाद्या अप्रभावी आजाराचे मूल जन्मले आहे तेथे धोका सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त असतो. जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार, थॅलेसेमिया, चयापचयाचे विकार, दृष्टिपटलाचे काही आजार व बौद्धिक अक्षमतेचे काही प्रकार यांचा यात समावेश होतो. डाउन संलक्षण हे मात्र नात्यातील विवाहामुळे होत नाही.

दुर्मीळ अप्रभावी गुणाचे महाराष्ट्राशी निगडित उदाहरण म्हणजे ‘बॉम्बे रक्तगट’. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतील व्यक्तींच्या रक्तावरून त्याचे वर्णन केले. भारतात सुमारे दहा हजारांत एका व्यक्तीत तो आढळतो आणि त्या व्यक्तीचे आईवडील अनेकदा नातेवाईक असतात. नेहमीच्या चाचणीत हा रक्तगट ‘ओ’ भासतो; परंतु अशा व्यक्तीस साधे ‘ओ’ रक्त दिल्यास प्राणघातक प्रतिक्रिया होऊ शकते.

=== अंतर्विवाही समूह ===

नात्यात विवाह न करताही अप्रभावी आजार वाढू शकतात. थोड्या पूर्वजांपासून वाढलेल्या व शतकानुशतके जातीतच विवाह करणाऱ्या समूहात सर्वांचेच दूरचे नाते असते. दक्षिण आशियातील २६३ समूहांच्या २०१७ मधील अभ्यासात ८१ समूहांमध्ये हा संस्थापक परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षा व अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळला. काही समूहांत त्याचे वैद्यकीय परिणाम दिसतात. उदाहरणार्थ, आंध्र प्रदेशातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या विशिष्ट स्नायुशिथिलकास दीर्घ प्रतिसाद देणारी विकरन्यूनता अधिक आढळते. विदर्भ व खानदेशातील आदिवासी समूहांतील सिकलसेलचे मोठे प्रमाण मात्र मुख्यतः अंतःप्रजननामुळे नसून, वाहकांना मलेरियापासून मिळणाऱ्या संरक्षणामुळे आहे.

=== कायदा ===

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार सपिंड नात्यातील व निषिद्ध नात्यातील विवाह अवैध आहेत. सपिंड नाते मातेकडून तिसऱ्या व पित्याकडून पाचव्या पिढीपर्यंत मोजले जाते. भाऊ-बहिणीची, दोन भावांची वा दोन बहिणींची मुले परस्परांशी निषिद्ध नात्यात येतात. तथापि दोन्ही पक्षांत तशी रूढी असल्यास विवाह वैध ठरतो; मामाच्या मुलीशी होणारे विवाह या अपवादात बसतात. विशेष विवाह अधिनियम, १९५४ मध्येही निषिद्ध नात्यांची यादी आहे व १९६३ च्या दुरुस्तीने रूढीचा अपवाद जोडण्यात आला.

== समुपदेशन व प्रतिबंध ==

विवाहापूर्वी किंवा अपत्याचा विचार करताना तीन पिढ्यांची वंशावळ मांडणे ही आनुवंशिक समुपदेशनाची पहिली पायरी असते. तीत बालमृत्यू, बहिरेपणा, वारंवार रक्त द्यावे लागणारे आजार व वारंवार गर्भपात यांची नोंद घेतात. थॅलेसेमिया व सिकलसेलच्या वाहकांची ओळख साध्या रक्तचाचणीने होते. कुटुंबातील आजाराचा नेमका जनुकीय दोष माहीत असल्यास गर्भजल किंवा अपरेच्या पेशी तपासून गर्भावस्थेत निदान करता येते. म्हणून बाधित मूल हयात असतानाच त्याची जनुकीय चाचणी करून घेणे पुढील गर्भारपणासाठी निर्णायक ठरते. गर्भलिंग निदानास बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याने आनुवंशिक आजारांच्या निदानास मुभा ठेवली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाड्या व शाळांतील मुलांची जन्मजात दोषांसाठी तपासणी केली जाते.

== हे सुद्धा पहा ==

* आनुवंशिकता
* संकरज ओज
* थॅलेसेमिया
* बॉम्बे रक्तगट
* देवणी गाय
* जालना जिल्हा